हेडफोनचा जॅक नसलेल्या जुन्या टीव्हीवर वायरचा हेडफोन कसा चालवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी बारा-तेरा वर्षे जुना बत्तीस इंची एलसीडी टीव्ही आहे आणि त्याला हेडफोनचा जॅक नाही. वडिलांना कमी ऐकू येते. उन्हाळ्यात खोलीत कूलर लागला की टीव्हीचा आवाज इतका वाढवावा लागतो की बाजूच्या खोलीत मुलीला अभ्यास करता येत नाही. घरात वायरचा चांगला हेडफोन पडून आहे, म्हणून त्यांनी बर्डीच्या बाजारातून एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनचे सॉकेट असलेली वायर आणली, पण आवाज अगदी पुसट आला. आता ओळखीतला एक मेकॅनिक मागचे झाकण उघडून स्पीकरच्या वायरींवरच हेडफोनचा जॅक काढून देतो म्हणतो. हे करावे का, आणि करू नये तर काय करावे?

स्पीकरवरून जॅक काढू देऊ नका. गेली सव्वीस वर्षे मी नागपुरात टीव्ही दुरुस्तीचेच काम करतो आहे आणि अशा रीतीने जॅक काढल्यामुळे आवाजाची आयसी (स्पीकर चालवणारी अॅम्प्लिफायरची चिप) गेलेले सेट माझ्या टेबलावर अनेकदा आले आहेत. त्यामागचे कारण साधे आहे. एलसीडी टीव्हीतील स्पीकर बहुधा ‘ब्रिज’ पद्धतीच्या अॅम्प्लिफायरवर चालतात. या पद्धतीत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, त्यांपैकी एकही वायर ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची, नसते. हेडफोनच्या पिनेत मात्र तीन भाग असतात: टोकाला डावा कान, मधल्या कड्यावर उजवा कान आणि मुळाशी दोघांचा सामाईक ग्राउंड. स्पीकरच्या चार वायरी या तीन भागांत बसवायच्या म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूची एकेक वायर एकत्र बांधावी लागते, आणि ती बांधली की अॅम्प्लिफायरचे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. कधी आयसी लगेच जाते, कधी गरम होत होत महिनाभराने जाते, आणि तोपर्यंत झाकण उघडणाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

ज्यांच्या घरी अजून जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, त्यांच्यासाठी ही सूचना आणखी महत्त्वाची आहे. ज्या सेटना कंपनीने एव्हीची, म्हणजे चित्र-आवाजाच्या वायरींची, सॉकेटे दिलीच नव्हती, त्यांतल्या कित्येकांची चेसिस, म्हणजे आतल्या सर्किटचे ग्राउंड, थेट मेन्सशी (घरातल्या विजेशी) जोडलेली असे. अशा सेटच्या आतून एक वायर बाहेर काढून ती माणसाच्या कानाला लावायची म्हणजे २३० व्होल्ट कानाशी आणून ठेवायचे. शिवाय आतल्या मोठ्या कंडेन्सरवर तीनशे व्होल्टच्या पुढे दाब असतो, रंगीत पिक्चर ट्यूबच्या एनोडवर वीस हजार व्होल्टच्याही वर असतो, आणि सेट बंद करून बोर्डातून पिन काढल्यावरही हा दाब काही काळ तसाच राहू शकतो. म्हणून झाकण उघडून करायचा कोणताही उपाय मी या उत्तरात सांगणार नाही. जे करायचे ते बाहेरच्या सॉकेटांवरून करायचे, आणि तेवढ्यात तुमचे काम नक्की होते.

आता तुमच्या वायरीने आवाज पुसट का आला ते पाहू, कारण ते एकदा नीट कळले की दुकानात काय मागायचे हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. पहिल्यांदा टीव्हीच्या मागे टॉर्च धरून सॉकेटांच्या शेजारची अक्षरे वाचा. लाल-पांढऱ्या सॉकेटांजवळ ‘इन’ लिहिलेले असेल तर तिथून आवाज आत जातो, बाहेर येत नाही, आणि तिथे हेडफोन लावला तर काहीच ऐकू येणार नाही. तुम्हाला पुसट का होईना आवाज आला, याचा अर्थ तुमची जागा ‘आउट’ची होती आणि वायरही ठीक आहे. अडचण वेगळी आहे. या सॉकेटातून जो सिग्नल येतो त्याला आम्ही लाइन लेव्हल म्हणतो. त्याचा दाब उपकरणागणिक साधारण ०.३ ते २ व्होल्ट असतो, पण त्यात करंट पुरवण्याची ताकद नसते, कारण तो दुसऱ्या अॅम्प्लिफायरला देण्यासाठी केलेला असतो. असा अॅम्प्लिफायर त्या सिग्नलपुढे १०,००० ओहम किंवा त्याहून जास्त रोध ठेवतो. तुमच्या हेडफोनचा रोध मात्र बहुधा १६ किंवा ३२ ओहम असणार. टीव्हीच्या आउटपुटचा स्वतःचा अंतर्गत रोध १,००० ओहम धरला, तर ३२ ओहमच्या हेडफोनच्या वाट्याला सिग्नलचे शंभरातले जेमतेम तीन भाग येतात, आणि १०,००० ओहमच्या अॅम्प्लिफायरच्या वाट्याला तेच नव्वद येतात. ही वायर विकणाऱ्याने तुम्हाला खोटे काही विकले नाही. ती वायर अॅम्प्लिफायर जोडण्यासाठी आहे आणि तो अॅम्प्लिफायर तुमच्या जोडणीत नाही, इतकेच.

तेव्हा गरज आहे ती लाइन लेव्हल आवाज देणाऱ्या सॉकेटाची आणि सॉकेट व हेडफोन यांच्या मध्ये बसणाऱ्या एका छोट्या हेडफोन अॅम्प्लिफायरची. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते, पाच व्होल्टवर म्हणजे मोबाइलच्या चार्जरवर चालते, एका बाजूला लाल-पांढरी सॉकेटे किंवा ३.५ मिलिमीटरचे इनपुट असते, दुसऱ्या बाजूला हेडफोनचे सॉकेट, आणि वर किंवा कडेला आवाजाची कळ. घेताना ‘हेडफोन अॅम्प्लिफायर’ असेच म्हणा, नुसते ‘अॅम्प्लिफायर’ म्हणू नका. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत पीएएम ८४०३ या आयसीचा एक इवलासा बोर्ड फार स्वस्तात मिळतो आणि दुकानदार विश्वासाने तोच हातात देतो. स्पीकर वाजवायला तो उत्तम आहे, पण तोही ब्रिज पद्धतीचाच आहे, त्यामुळे तीन भागांची हेडफोनची पिन त्याला लावली की वर सांगितलेला शॉर्ट पुन्हा तसाच होतो. सोल्डरिंगची आवड असेल आणि किट जोडून बनवायचे असेल, तर टीडीए २८२२ एम या आयसीचे स्टिरिओ किट घ्या. ते ब्रिजमध्ये नव्हे तर स्टिरिओमध्येच जोडा आणि आउटपुटचे दोन्ही कंडेन्सर वगळू नका. माझ्या पिढीतल्या बहुतेक मेकॅनिकांनी ही आयसी हाताळलेली आहे. तीन ते सहा व्होल्टवर ती हेडफोन अगदी आरामात चालवते.

आवाज घ्यायचा कुठून, याबद्दल मात्र माझे मत नेहमीच्या सल्ल्याहून वेगळे आहे. बहुतेक जण टीव्हीच्या मागे शोधत बसतात. मी पहिल्यांदा सेट टॉप बॉक्सच्या मागे बघतो. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०१३ साली, नागपूर आले. तेव्हापासून केबलचे घर असो की डिशचे, टीव्हीपाशी एक बॉक्स असतोच, आणि डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्ससकट बहुतेक बॉक्सना पिवळे-लाल-पांढरे एव्ही आउट असते. तुमचा बॉक्स टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडलेला असेल, तर ही तीन सॉकेटे मोकळीच पडलेली असतील. बहुतेक बॉक्समध्ये एचडीएमआय आणि एव्ही या दोन्ही वाटांनी आवाज एकाच वेळी येत राहतो. पिवळे सॉकेट चित्राचे आहे, ते सोडून द्या. लाल आणि पांढऱ्यातून अॅम्प्लिफायरला वायर न्या. लाल उजवा कान, पांढरा डावा.

या वाटेचा मोठा फायदा असा की हेडफोन आणि टीव्हीचा स्पीकर एकमेकांपासून वेगळे राहतात. टीव्हीच्या रिमोटने टीव्ही म्यूट केला तरी हेडफोनमधला आवाज सुरूच राहतो, आणि संध्याकाळी सगळे मिळून बातम्या बघायच्या असतील तेव्हा स्पीकर त्यांच्यापुरता हळू ठेवून बाबांना त्यांच्या आवाजात हेडफोन लावून बसता येते. पुष्कळ टीव्हींच्या स्वतःच्या हेडफोन जॅकमध्ये पिन घातली की स्पीकर बंद होतो. म्हणजे जॅक नसलेल्या या जुन्या टीव्हीवर तुम्हाला उलट जास्त सोय मिळते आहे. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवरचा आवाज बऱ्यापैकी वर ठेवा आणि कमी-जास्त करायचे ते अॅम्प्लिफायरच्या कळीवरून करा. बॉक्सचा आवाज अगदी खाली आणि अॅम्प्लिफायर पूर्ण वर असे ठेवले, तर आवाजासोबत खरखरही तितकीच वाढते.

बॉक्स जुना असेल आणि लाल-पांढऱ्या वायरींनीच टीव्हीला जोडलेला असेल, तर ‘वाय पिन’ म्हणून एक जोड मिळतो, एक पिन आणि तिला दोन सॉकेटे. लाल आणि पांढऱ्यासाठी असे दोन नग घ्या, एक फाटा टीव्हीला आणि एक अॅम्प्लिफायरला द्या. एक आउटपुट दोन इनपुटांत वाटायला हरकत नसते. दोन आउटपुट मात्र असे एकत्र कधीही जोडू नयेत. काही लहान बॉक्सवर लाल-पांढऱ्याऐवजी ‘एव्ही’ लिहिलेले एकच ३.५ मिलिमीटरचे सॉकेट असते. हेडफोनची पिन त्यात सहज बसते, म्हणून लोक ते हेडफोनचेच समजतात. तसे ते नाही. त्यात चित्राचा सिग्नलही असतो, तो हेडफोनमध्ये आला की कर्कश घरघर ऐकू येते. त्या बॉक्ससोबत आलेली चार भागांच्या पिनेची तीन तोंडी वायरच वापरा आणि तिच्या लाल-पांढऱ्या टोकांवरून पुढे जा.

बॉक्सच्या वाटेची एक मर्यादा आहे. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून काही बघितले किंवा डीव्हीडी प्लेयर वेगळा जोडला, तर तो आवाज सेट टॉप बॉक्समधून जात नाही. असे वारंवार होत असेल तर आवाज टीव्हीतूनच घ्यावा लागेल. तुमच्या टीव्हीला लाल-पांढरा आउट आहे हे तर दिसतेच आहे, त्यामुळे तुमची गाडी अडणार नाही. ज्यांच्या टीव्हीला तो नाही, त्यांनी ‘ऑप्टिकल’ लिहिलेले लहानसे चौकोनी सॉकेट आहे का पाहावे. जपानच्या तोशिबा कंपनीने ही पद्धत १९८३ साली आणली आणि एलसीडी टीव्हींवर ती सर्रास दिसते. यात आवाज विजेऐवजी लाल प्रकाशाच्या रूपात प्लास्टिकच्या तंतूतून जातो, म्हणून त्याला पुन्हा विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी डॅक नावाची एक डबी लागते. डॅक घेताना तिच्यावर हेडफोनचे सॉकेट आणि आवाजाची कळ दोन्ही असलेली घ्या, कारण ऑप्टिकलमधून येणारा आवाज बहुतेक टीव्हींवर ठरावीक पातळीचा असतो आणि टीव्हीच्या रिमोटने तो कमी-जास्त होत नाही. नुसत्या लाल-पांढऱ्या आउटची डॅक घेतलीत, तर पुढे हेडफोन अॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागेल.

ऑप्टिकलमध्ये आवाज आलाच नाही, तर डबी खराब ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा. टीव्हीच्या मेनूत ऑडिओच्या खाली डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर आहे का ते पाहा. ‘डॉल्बी’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर असेल तर साध्या डॅकला तो आवाज उलगडता येत नाही. दुसरी गोष्ट केबलच्या टोकांची. धरमपेठेतल्या एका घरी मला ‘डॅक बंद आहे’ म्हणून बोलावले होते आणि ती डबी परत करायची म्हणून खोक्यात भरूनही ठेवलेली होती. मी केबलचे टीव्हीकडचे टोक बाहेर काढून बोटांत फिरवले, तर त्यावर नखाएवढे पारदर्शक प्लास्टिकचे टोपण तसेच होते. ते ओढून काढले आणि केबल पुन्हा लावली, तसा दुसऱ्या टोकाला मोहरीएवढा लाल ठिपका उजळला. तो ठिपका दिसला की टीव्हीकडून प्रकाश येतो आहे एवढे नक्की होते. त्याच्याकडे डोळा लावून बघू नका, तळहातावर पाडून बघा. ही केबल वायरसारखी करकचून दुमडायचीही नसते, आतला तंतू मोडतो.

लाल-पांढरेही नाही आणि ऑप्टिकलही नाही असा टीव्ही असेल आणि सेट टॉप बॉक्सला फक्त एचडीएमआय असेल, तर बॉक्स आणि टीव्ही यांच्या मध्ये बसणारा एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घ्यावा लागतो. तो चित्र पुढे टीव्हीकडे सोडतो आणि आवाज बाजूला काढून देतो. टीव्हीच्या एखाद्या एचडीएमआय सॉकेटवर ‘एआरसी’ लिहिलेले असेल तर तिथूनही आवाज बाहेर घेता येतो. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासूनची आहे, त्यामुळे त्याआधीच्या टीव्हींवर ती शोधू नये. ब्लूटूथ ट्रान्समीटरबद्दल तुम्ही विचारलेले नाही आणि मी सुचवतही नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज ओठांच्या हालचालीमागे पडतो, आणि ज्याला कमी ऐकू येते तो ओठांकडे बघूनच अर्धे समजून घेत असतो.

आता वायरीची लांबी. हेडफोनची वायर साधारण सव्वा मीटरची असते आणि बाबांची खुर्ची टीव्हीपासून तीन-चार मीटरवर असणार. बहुतेक घरांत अॅम्प्लिफायर टीव्हीपाशी ठेवतात आणि हेडफोनला लांब एक्स्टेंशन लावतात. मी उलट करायला सांगतो. अॅम्प्लिफायर खुर्चीपाशी आणा आणि टीव्हीपासून तिथपर्यंत पाच मीटरची चांगल्या शिल्डची लाल-पांढरी वायर टाका. पातळ, स्वस्त एक्स्टेंशनमध्ये दोन्ही कानांच्या सामाईक ग्राउंडचा रोध वाढतो आणि डावा-उजवा आवाज एकमेकांत मिसळतो. लाइन लेव्हलच्या वायरीत करंट जवळजवळ नसल्यामुळे तसे होत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवाजाची कळ बाबांच्या हाताशी येते आणि प्रत्येक वेळी कोणाला हाक मारावी लागत नाही. वायर मात्र भिंतीच्या कडेने क्लिप मारून न्या. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत चालण्याच्या वाटेवर वायर आडवी टाकलेली मला पाहवत नाही.

सगळे जोडल्यावर हेडफोनमध्ये सतत घुंई ऐकू आली तर घाबरू नका, ती २३० व्होल्टच्या ५० हर्ट्झची गुणगुण असते आणि बहुधा अॅम्प्लिफायरच्या चार्जरमधून येते. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढून अॅम्प्लिफायर पॉवर बँकेवर चालवून पाहा. घुंई गेली तर दोष चार्जरचा, दुसरा चार्जर लावा किंवा टीव्हीच्या यूएसबी सॉकेटातून वीज घ्या. काही पॉवर बँका इतका कमी करंट ओढला गेला की काही वेळाने आपोआप बंद पडतात, त्यामुळे कायमसाठी त्यांच्यावर विसंबू नका. पॉवर बँकेवरही घुंई राहिली, तर सेट टॉप बॉक्समधून केबलची किंवा डिशची वायर क्षणभर काढून बघा. तेव्हा ती थांबली तर लाल-पांढऱ्या वायरीच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकावा लागेल, त्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते आवाज जाऊ देऊन ग्राउंडचा संबंध तोडतात. कूलरचा पंप सुरू-बंद होताना ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर अॅम्प्लिफायरचा चार्जर कूलरच्या बोर्डावर न लावता दुसऱ्या बोर्डावर लावा. पिना लावता-काढताना सर्व बोर्ड बंद ठेवा. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांच्या धातूला हात लावला की ज्या झिणझिण्या येतात, त्याच गळक्या विजेमुळे सुरू असताना वायरी जोडल्या तर आतल्या आयसीलाही इजा होऊ शकते.

कूलरचा आणखी एक त्रास आमच्या भागात मला दर उन्हाळ्यात दिसतो. टीव्ही कूलरच्या झोतात असेल, तर दमट हवेने लाल-पांढऱ्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि एका कानातला आवाज जातो-येतो. लोक हेडफोन बदलतात. पिन कोरड्या फडक्याने पुसून सॉकेटात चार-पाच वेळा फिरवली की बहुतेकदा आवाज परत येतो.

शेवटी बाबांच्या कानांबद्दल, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे. कूलरच्या आवाजात कानावर पूर्ण बसणारा, बंद कपाचा हेडफोन घ्या, म्हणजे बाहेरचा आवाज अडतो आणि आतला वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तास अशी आहे, आणि दिवसभर टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसाचे ४० तास लवकर भरतात. त्यांना एकाच कानाने ऐकू येत असेल तर डावा आणि उजवा हे दोन्ही आवाज एकत्र करून द्यावे लागतील, नाहीतर एका बाजूचे संवाद हरवतात. त्यासाठी लाल आणि पांढऱ्याचे टोक नुसते एकमेकांना जोडू नका. अॅम्प्लिफायरच्या आधी दोघांना प्रत्येकी १,००० ओहमचा एकेक रेझिस्टर लावा आणि मग जोडा.

पहिल्या दिवशी हेडफोन तुम्ही स्वतः लावा, अॅम्प्लिफायरची कळ शून्यावर ठेवून हळूहळू वर न्या, दोन-तीन वाहिन्या बदला, एखादी जाहिरात लागू द्या, कारण जाहिरातींचा आवाज पुष्कळदा अचानक चढा असतो. मग बाबांना द्या आणि त्यांना संवाद स्पष्ट समजतील तिथे कळ थांबवा. त्या जागी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका कळीवर आणि एक डबीवर, समोरासमोर लावून ठेवा. चष्मा नसतानाही त्यांना तो दिसेल.